बिकिनीच्या चाचणीनंतर जहाजं धुऊन स्वच्छ का झाली नाहीत?

अर्धवटज्ञानी

बाळबोध प्रश्न आहे, आधीच सांगतो.

गेले दोन आठवडे बिकिनीवरच्या अणुचाचण्यांबद्दल मिळेल ते वाचतोय. जुलै 1946, मार्शल बेटं, 'ऑपरेशन क्रॉसरोड्स'. अमेरिकन नौदलाने नव्वदच्या वर रिकामी जहाजं बिकिनीच्या खारकच्छात, म्हणजे बेटांच्या कड्याने वेढलेल्या समुद्राच्या पाण्यात, नांगरली आणि बॉम्बने त्यांचं काय होतं ते बघितलं. 1 जुलैला 'एबल', विमानातून टाकलेला, हवेत फुटला. 25 जुलैला 'बेकर', एका बोटीखाली पाण्यात 90 फूट खोल टांगलेला. दोन्ही बॉम्ब एकाच जातीचे, नागासाकीवर टाकला त्याच बनावटीचे. ताकदही साधारण सारखीच, 23 किलोटनांच्या आसपास.

माझी गाडी अडते ती इथे. एबलनंतर एका दिवसात खलाशी बहुतेक जहाजांवर परत चढलेसुद्धा. बेकरनंतर मात्र दोन आठवडे घासघास घासून शेवटी हात टेकले, आणि पुढे यातली बरीचशी जहाजं मुद्दाम बुडवून टाकावी लागली. असं का? चहूबाजूंना हवं तेवढं पाणी. पंप, होस, आग विझवायच्या बोटी, सगळं हाताशी. मोहिमेवर माणसं होती 42,000. फरशीवर रंग सांडला तर लगेच भरपूर पाणी मारलं की निघतो, वाळू दिला की मग खरवडत बसावं लागतं. यांनी तर लगेच पाणी मारलं होतं.

दुसरं म्हणजे किरणोत्सर्गापासून बचावाची काही योजना मुळात होती का, की सगळा आनंदच होता?

---

गामागोपाळ

थोडक्यात सांगतो. एबल हवेत 520 फुटांवर फुटला. आगीचा गोळा पाण्याला टेकलाच नाही. जे काही किरणोत्सर्गी तयार झालं ते गरम हवेबरोबर वर गेलं आणि वाऱ्याने पांगलं. बेकरचा स्फोट पाण्याच्या पोटात झाला, त्यामुळे त्यातला मोठा वाटा पाण्यातच अडकला आणि पाण्याबरोबर खाली आला. बॉम्ब तोच, पण एकदा धूर उडाला आणि एकदा चिखल.

बाकी एबलचा नेम सुमारे 650 मीटरने चुकला होता. ज्या 'नेवाडा'वर टाकायचा तिला नेम दिसावा म्हणून भडक नारिंगी रंगवली होती, आणि तीच तरंगत राहिली. :)

---

जुना_चीफ

गोपाळरावांचं बरोबर आहे, पण ती बॉम्बच्या बाजूने सांगितलेली गोष्ट झाली. मी जहाजाच्या बाजूने सांगतो. एकतीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. अणुबॉम्बातलं मला शष्प कळत नाही, पण जहाजाला चिकटलेली घाण का निघत नाही यावर मी तासभर बोलू शकतो. बायको म्हणते, बोलतोसच.

अर्धवटज्ञानी, तुझ्या डोक्यात जहाज म्हणजे स्टीलचं ताट आहे. पाणी मारलं, पुसलं, फळीवर उपडं घातलं. जहाज तसं नसतं रे. ट्रेनी म्हणून चढलो तेव्हा पहिल्या दिवशी हातात चिपिंग हॅमर दिला. रंगाचा थर उडवला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा, त्याखाली लाल प्रायमर, त्याखाली गंज, आणि गंजाच्या पोटात पुन्हा रंग, कारण आधीच्या कोणीतरी गंज न काढताच वरून ब्रश फिरवलेला. एकदा एका म्हाताऱ्या बल्क कॅरियरच्या डेकवर तळहाताएवढी खपली निघाली, बोटभर जाड. सलग चार दिवस कडक ऊन होतं, डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. ती खपली मोडली तर आतून ओली. बोटाला पाणी लागलं.

आता बेकर डोळ्यांसमोर आण. जवळजवळ 20 लाख टन पाण्याचा खांब वर गेला आणि परत त्याच खारकच्छात कोसळला. कोसळताना पायथ्याशी धुक्याची भिंत उठली, 900 फूट उंच, आणि ती जहाजांवरून लोळत गेली. इंग्रजीत 'बेस सर्ज' म्हणतात. बॉम्बमध्ये सहा किलोच्या आसपास प्लुटोनियम होतं, त्यातलं एक किलोच्या जवळपास फुटलं. उरलेलं जवळजवळ पाच किलो आणि फुटलेल्याचे सगळे तुकडे त्या पाण्यात बारीक कालवले गेले. ते धुकं प्रत्येक फटीत शिरलं, प्रत्येक व्हेंटमध्ये, गंजाच्या प्रत्येक खपलीखाली. ही राख असती तर झाडून तरी काढली असती. हे मिठासारखं विरघळलेलं होतं, आणि गंज ते स्पंजासारखं पितो. तुझ्या फरशीच्या उदाहरणात रंग फरशीवर सांडतो. इथे फरशीच रंगात भिजत घातली होती.

मग धुतलं कशाने? त्याच खारकच्छाच्या पाण्याने! बोटीचा पंप पाणी उचलणार कुठून? बुडाखालून. ज्यात घाण मिसळली तेच पाणी उचलायचं, जहाजावर मारायचं, ते ओघळून परत खाली. पहिल्या धुण्यात जे सैल असेल ते जायचं आणि मीटरचा काटा उतरायचा. नंतर कितीही मारा, काटा ढिम्म. मग आगीवरचा फेस मारून बघितला. मग साबण, कॉस्टिक सोडा. मग बॉयलर कंपाउंड. ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बॉयलर कंपाउंड आम्ही बॉयलरच्या पाण्यात टाकायचो, आत क्षार धरू नयेत म्हणून. त्याने कोणी डेक घासला असेल असं स्वप्नातही आलं नसतं. नारळाच्या करवंट्यांचा भुगा आणि दळलेली कॉफीसुद्धा वापरून झाली. जहाजावर स्टोअरमध्ये असेल नसेल ते सगळं काढलं, असा त्याचा अर्थ. ज्याच्याकडे पद्धत असते तो एक वस्तू मागवतो. ज्याच्याकडे नसते तो कपाट उपसतो.

'प्रिन्झ ऑयगन' नावाची जर्मन क्रूझर होती, युद्धात हाती लागलेली. तिच्या डेकवर खलाशी घासताना काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. लांब दांड्याचे ब्रश, होस, साबणाचं पाणी. तोंडावर मास्क नाही. एकाच्याही नाही. कुठल्याही रविवारी कुठल्याही बंदरात डेक धुताना दिसतील तशीच पोरं. मोठ्या युद्धनौकांच्या डेकवर लाकडी फळ्या असायच्या, फळ्यांच्या फटींत दोऱ्याचा पीळ आणि डांबर ठासलेलं. त्या फटीत शिरलेलं ब्रशने काढून दाखवा, मी माझा परवाना फाडतो. शेवटी उपाय एकच उरला, वरचा थरच उडवायचा. सँडब्लास्टिंग किंवा ॲसिड. कुठल्याही मोठ्या बंदरापासून दूर, ड्राय डॉकशिवाय (जहाज पाण्याबाहेर घ्यायची कोरडी गोदी), इतक्या जहाजांवर. करा!

त्या प्रिन्झ ऑयगनला क्वाजालेनला ओढून नेली. बारीक गळती होती. दुसऱ्या कुठल्याही जहाजावर वेल्डर पाठवून दिवसभरात मिटली असती. पण किरणोत्सर्गामुळे दुरुस्तीला माणूस आत पाठवता येईना. डिसेंबर 1946 मध्ये ती कलंडली. अजून तिथेच उलटी पडलेली आहे, मागचा भाग पाण्याबाहेर. टाक्यांतलं तेल काढायला 2018 साल उजाडलं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल ज्यांना किरणोत्सर्गातलं कळतं त्यांनी बोलावं. मी चहा घेऊन येतो.

---

लेड_एप्रन

चीफ काका, दंडवत. मी एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आहे, किरणोत्सर्ग सुरक्षा हेच रोजचं काम. त्या बाजूने भर घालतो.

योजना अजिबात नव्हती असं नाही. कर्नल स्टॅफर्ड वॉरन हे मॅनहॅटन प्रकल्पातले डॉक्टर सुरक्षा विभागाचे प्रमुख होते. किरणोत्सर्ग मोजायचे गायगर काउंटर घेतलेली माणसं, म्हणजे मॉनिटर, प्रत्येक तुकडीबरोबर जायची, आणि जहाजावर किती मिनिटं थांबायचं ते त्यांच्या आकड्यावरून ठरायचं. मर्यादा होती दिवसाला 0.1 राँटजेन. आजच्या भाषेत साधारण 1 मिलिसिव्हर्ट. आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना आज सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे त्यांनी नियम तंतोतंत पाळला असता तरी आमचा वर्षभराचा कोटा त्यांचा वीस दिवसांत संपला असता. आणि तो आकडा त्या काळी काळजीपूर्वक ठरवलेला मानला जायचा, हेही लक्षात घ्या.

फिल्म बॅज, म्हणजे अंगावर लावायचे डोस मोजणारे बिल्ले, वाटले 18,875. ऐकायला भरपूर वाटतात, पण एकूण माणसांपैकी साधारण 15 टक्क्यांनाच निदान एकदा तरी बॅज मिळाला. बाकीच्यांचा डोस मागाहून हिशोबाने अंदाजायचा. आमच्याकडे एखादा टेक्निशियन टीएलडी बॅज (आजचा डोस मोजायचा बिल्ला) घरी विसरला तर त्याला त्या दिवशी हॉट लॅबमध्ये पाऊल ठेवू देत नाही, मग तो कितीही हातापाया पडो.

आता चीफ काकांच्या 'फटीत शिरतं' या मुद्द्यावर माझा अनुभव. टेक्नेशियमची, म्हणजे तपासणीसाठी रुग्णाला टोचायच्या किरणोत्सर्गी द्रव्याची, सिरिंज हातातून निसटून जमिनीवर फुटली. थेंबभरच. पद्धत ठरलेली असते: टिश्यू टाकायचा, कडेकडून मध्याकडे पुसत यायचं, उलट पुसलं तर आपणच पसरवतो. प्रत्येक टिश्यू पिशवीत. मग वाइप टेस्ट, म्हणजे जागा पुसून त्या बोळ्यावर काही लागतंय का ते मोजायचं. फरशी गुळगुळीत विनाइलची, खास यासाठीच बसवलेली. सहा वेळा पुसल्यावर सगळी जागा स्वच्छ लागली, फक्त दोन शीट जिथे जोडल्यात ती रेघ सोडून. केसाएवढी रेघ. मीटर तिच्यावर नेला की कलकलाट. गुडघ्यांवर बसून कापसाच्या काडीने पाऊण तास काढलं, निम्मंसुद्धा आलं नाही. शेवटी वरून शिशाचा पत्रा टाकला, फलक लावला, दार लावून घेतलं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सहा तास. अडीच दिवसांनी उघडलं, काही नव्हतं.

माझ्याकडे ही सोय होती, दार लावून वाट बघण्याची. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य 24,000 वर्षांच्या वर आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे ते त्यांच्या मीटरला दिसतच नव्हतं. त्यांची यंत्रं गॅमा आणि बीटा पकडायची. प्लुटोनियम सोडतं ते मुख्यतः अल्फा, जे कागदाने अडतं, हवेत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जातं. बाहेर असेपर्यंत त्रास नाही, पण धुळीबरोबर फुप्फुसात गेलं की तिथेच बसतं, मग हाडात, यकृतात. डेकवरच्या वाऱ्यात, ओल्या पृष्ठभागावर अल्फा मोजायला त्यांच्याकडे धड साधन नव्हतं. म्हणजे मॉनिटर सांगायचा 'इतकी मिनिटं चालेल', ते गॅमाच्या हिशोबाने. आणि पोरं वाळलेला गंज ब्रशने उडवत होती, मास्कशिवाय.

हे थांबलं कसं तेही सांगण्यासारखं आहे. व्हाइस ॲडमिरल ब्लँडी मोहिमेचे प्रमुख. वॉरन कधीपासून मागे लागले होते, पण घासायला तयार असलेल्या खलाशांना आणि त्यांच्या कप्तानांना न दिसणारी, वास नसलेली, मीटरलाही न लागणारी गोष्ट पटवून देणार कशी? आपलं जहाज आपण धुऊन परत नेणार, ही त्यांच्या दृष्टीने इज्जतीची गोष्ट. प्रिन्झ ऑयगनच्या कप्तानाच्या खोलीत, जिथे कोणी अपेक्षा केली नव्हती तिथे, प्लुटोनियम सापडलं. मग 10 ऑगस्टला वॉरननी ब्लँडींना एक चित्र दाखवलं. खारकच्छात पकडलेला सर्जनफिश जातीचा मासा फोटोच्या प्लेटवर ठेवला होता. प्रकाश नाही, क्ष-किरणांचं यंत्र नाही. माशाने स्वतःचाच फोटो काढला होता, खवल्यांची आकृती स्पष्ट उमटलेली. कॅल्शियम समजून अंगाने प्लुटोनियम उचललं होतं. ब्लँडींनी काम थांबवलं, आणि 'चार्ली' नावाची तिसरी चाचणीही पुढे रद्द झाली.

मी विद्यार्थ्यांना शिकवताना अल्फाचा तक्ता काढतो तेव्हा अर्धे झोपतात. या माशाची गोष्ट सांगितली की कोणी झोपत नाही.

---

अर्धवटज्ञानी

बाप रे. दोघांचेही आभार. फरशीचं उदाहरण मागे घेतो.

पण आता नवीन भुंगा लागला. ही झाली लक्ष्य म्हणून ठेवलेली जहाजं. माणसं राहत होती ती जहाजं वेगळी ना? ती स्फोटाच्या वेळी दूर होती. त्यांना काहीच झालं नाही? ती माणसं पाणी कुठलं पीत होती? आणि पुढच्या चाचण्यांत यातून काही शिकले का?

---

खलाशी_सेवानिवृत्त

शेवटच्या प्रश्नाचं मी सांगतो, नौदलात होतो म्हणून.

शिकले ते एवढंच, की घाण बसल्यावर धुऊ नका, बसायच्या आधीपासून धूत राहा. जहाजभर नोझल बसवायच्या, स्फोटाची किरणोत्सर्गी राख यायच्या आधी सुरू करायच्या आणि सगळा पृष्ठभाग वाहत्या पाण्याच्या पडद्याखाली ठेवायचा. कण पडला की चिकटायच्या आत पाण्याबरोबर समुद्रात. अमेरिकन त्याला वॉशडाउन म्हणतात, ब्रिटिश प्री-वेटिंग. ब्रिटिशांनी 3 ऑक्टोबर 1952 ला ऑस्ट्रेलियाजवळ माँटे बेलो बेटांपाशी 'प्लिम' या जहाजाच्या पोटातच बॉम्ब ठेवून फोडला, आणि 1956 च्या चाचण्यांत 'डायना' ही विनाशिका मुद्दाम राखेच्या पट्ट्यातून नेली, माणसांसकट. अमेरिकनांनी 1954 मध्ये जरा शहाणपण केलं. दोन जुनी लिबर्टी जहाजं दुरून चालवली, एकावर वॉशडाउन सुरू, दुसऱ्यावर बंद, आणि परत आल्यावर दोघांची मोजणी केली. वॉशडाउनवालं कितीतरी स्वच्छ निघालं. तेव्हापासून ती पद्धत रुळली.

आमच्याकडे याचा सराव व्हायचा. सगळी दारं-झाकणं आवळायची, पंखे बंद, आत भट्टी. नोझल सुरू झाल्या की ब्रिजच्या काचेतून समोरचं काही दिसायचं नाही, भर पावसाळ्यात वायपरशिवाय गाडी हाकल्यासारखं. दहा मिनिटांनी 'सराव संपला' म्हटल्यावर खरं काम सुरू, कारण सगळं जहाज मिठाने पांढरं झालेलं असायचं आणि ते गोड्या पाण्याने पुसायचं आम्हीच. त्यामुळे या यंत्रणेबद्दल माझं मत तेव्हा फारसं आदराचं नव्हतं.

---

जुना_चीफ

1954 चा विषय निघालाच आहे तर 'ब्राव्हो' ही चाचणी सोडून पुढे जाता येणार नाही. 1 मार्च, पुन्हा बिकिनी. अंदाज होता 6 मेगाटनांचा, झाला 15. नौदलाची जहाजं 30 मैलांवर उभी होती, त्यांच्यावर पांढरी राख पडायला लागली. माणसं आत कोंडून घेतली, वॉशडाउन सुरू केलं आणि दक्षिणेला पळ काढला. बेटावर काँक्रीटच्या बंकरमधून ज्यांनी बॉम्ब उडवला ती नऊ माणसं तिथेच अडकली. संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं तेव्हा बाहेर पडायला त्यांच्याकडे काय होतं? पलंगावरच्या चादरी. डोळ्यांना भोकं पाडून अंगावर घेतल्या. आठ वर्षांचा अनुभव, इतका खर्च, आणि ऐन वेळी हाताशी काय, तर चादर.

ज्यांना कोणी सांगितलंच नव्हतं त्यांच्याकडे चादरही नव्हती. 'दाइगो फुकुर्यू मारू', ट्यूना पकडणारी जपानी बोट, 23 माणसं, स्फोटापासून सुमारे 130 किलोमीटरवर. बिकिनीच्या प्रवाळाचा चुना होऊन त्यांच्यावर पडला, काही तास पडत राहिला. ते मात्र गळांचा लांब दोर ओढत होते. म्हणजे त्यांनी दोर आवरला, मासे आवरले, मग निघाले. कोणीही दर्यावर्दी तेच करेल, सामान टाकून कोण पळतं? राख केसांत, कॉलरमध्ये, दोरांच्या वेटोळ्यांत. त्याच बोटीवर, त्याच दोरांशेजारी झोपत दोन आठवड्यांनी, 14 मार्चला याइझू बंदरात आले. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेला. रोंगेलाप बेटावरच्या लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले.

आता अर्धवटज्ञानीचा पाण्याचा प्रश्न. हा खरा इंजिन रूमचा प्रश्न आहे, म्हणून मागे ठेवला होता.

बेकरच्या वेळी माणसं राहत होती ती जहाजं दूर होती, बरोबर. त्यांच्यावर धुकं गेलं नाही. पण त्याच दिवशी ती परत खारकच्छात येऊन नांगर टाकायला लागली. दिवस मावळेपर्यंत 49 जहाजं आत होती, 15,000च्या आसपास माणसं घेऊन. आता बंदरात नांगरलेलं जहाज गप्प उभं असतं असं तुम्हाला वाटतं. नसतं. ते सतत पाणी पितं. बुडाशी जाळीचे चौकोन असतात, सी चेस्ट म्हणतात, तिथून समुद्राचं पाणी आत येतं. कंडेन्सर थंड करायला, आगीच्या लाइनला, संडासाला, आणि इव्हॅपोरेटरला, म्हणजे पिण्याचं पाणी करायला. चोवीस तास. पाण्यात जे आहे ते थोडं थोडं पाइपांच्या आतल्या गंजात आणि क्षारात राहत जातं. बाहेरच्या अंगाला बुडावर शेवाळ आणि शंखशिंपल्यांची दाढी असते, ती तेच पाणी गाळून खाते आणि घाण धरून ठेवते. काही आठवड्यांनी ज्या जहाजांना बॉम्बने स्पर्शही केला नव्हता त्यांचंच बूड आणि पाइप मीटरवर बोलायला लागले. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोला आणि इतर गोद्यांत ड्राय डॉकला घेऊन बुडं सँडब्लास्ट करावी लागली, खाऱ्या पाण्याच्या लाइनी ॲसिडने धुवाव्या लागल्या, तेव्हा कुठे 'हे जहाज मोकळं' असा शिक्का बसला. हंटर्स पॉइंट नावाची ती गोदी. लक्ष्य म्हणून वापरलेली 'इंडिपेंडन्स' विमानवाहूही तिथे आणून ठेवली होती, अभ्यासाला, आणि 1951 मध्ये फॅरलन बेटांजवळ बुडवली. गोदीची जमीन साफ करायचं काम अजून चालू आहे. खारकच्छ धुवायला गेले आणि बादली घरी घेऊन आले.

पिण्याच्या पाण्याला मात्र घाबरायचं तितकं कारण नव्हतं, हे ऐकून बरं वाटेल. इव्हॅपोरेटरमध्ये पाणी उकळतं, वाफ वर जाते, ती थंड करून टाकीत. मीठ जसं वाफेबरोबर जात नाही, तसंच हेही. यंत्र नीट चालवलं, समुद्राच्या पाण्याचा फेस वर चढू दिला नाही, तर टाकीत येतं ते बऱ्यापैकी स्वच्छ.

मग घाण जाते कुठे? थोडी खारट पाण्याबरोबर परत समुद्रात. बाकी कॉइलवर खपली धरून बसते. दिवसाला कित्येक टन समुद्राचं पाणी उकळून त्यातला अर्क तेवढा एका डब्यात जमा करायचा, असं यंत्र मुद्दाम बनवायला सांगितलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

ती खपली काढावी लागते, नाहीतर पाणी कमी पडतं. जुन्या इव्हॅपोरेटरची रीत मी स्वतः केलेली आहे, फिफ्थ इंजिनिअर असताना, एका जुनाट जहाजावर. गरम कॉइलवर एकदम थंड पाणी सोडायचं, खपली तडकते, पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. बरीचशी गळते. उरलेली हाताने. मॅनहोलमधून कमरेपर्यंत आत जायचं, पाय बाहेर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात स्क्रेपर. खपली खडूसारखी असते, पांढरट, ठिसूळ. आतल्या आत धूळ धरते. तोंडाला मी रुमाल बांधला होता, अर्ध्या तासात तो घामाने भिजून नाकाला चिकटला, म्हणून काढून खिशात घातला. बाहेर आलो तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या. दातांखाली कचकच. सेकंड इंजिनिअर हसला आणि म्हणाला, जा, कुल्ला कर.

त्या डब्यात नेहमी सगळ्यात धाकट्याला पाठवतात. तो बारीक असतो, मॅनहोलमधून जातो, आणि नाही म्हणत नाही.